तुझ्या तारखेचं ग्रहण

आई, तुझ्या निधनाची बातमी मीच केली. चार ओळी. नाव, वय, गाव, दुकान, मागे कोण कोण आहे. अशा बातम्या मी बावीस वर्षं तपासते आहे. आडनावातली वेलांटी चुकली तरी दुसऱ्या दिवशी घरचे लोक कार्यालयात येऊन उभे राहतात, म्हणून त्या दोनदा वाचायची सवय लागली. तुझी तीनदा वाचली. तपशील बरोबर होते.

त्या चार ओळींत जे बसत नव्हतं ते इथे लिहिते आहे. तू सांगितलेल्या एका खोट्याबद्दल आणि मी छापलेल्या एका खऱ्याबद्दल. सात वर्षं आपण त्यावर अधूनमधून वाद घातला आणि तो कधी संपवला नाही. आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागणार. ती नीट मांडता येईल याची खात्री नाही, कारण ती मला तू गेल्यावर पाचव्या दिवशी कळली.

उमा जन्मली तेव्हा मन्मथचा फोन आला. माझा धाकटा भाऊ एरवी भांडं वाजवून दाखवावं तसा बोलतो. त्या दिवशी त्याचा आवाज ऐकू येईना. "मुलगी झाली," म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "ओठ फाटलेला हाय ताई. आतून टाळू पण." मी परभणीतच असते, लगेच दवाखान्यात पोचले. शिवकन्या, त्याची बायको, भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेकराला एकदा छातीशी धरलं होतं. ओढता येईना, आणि जे दोन थेंब तोंडात गेले ते नाकातून बाहेर आले. त्यानंतर तिनं लेकराकडे पाहिलं नव्हतं. तू पाहत होतीस. वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा होता, आणि तू गिऱ्हाइकानं परत आणलेलं पातेलं निरखावं तशी खालून-वरून निरखत होतीस, कुठून गळतंय ते.

दुसऱ्या दिवशी काकू आली, तुझी जाऊ. तिनं दुपटं बाजूला करून पाहिलं आणि शिवकन्येला विचारलं, "गिऱ्हान पाळलं न्हाईस का गं?"

गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं की पोटातल्या लेकराचा ओठ चिरतो, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. असं विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. शिवकन्या गप्प राहिली. तिची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, तीही गप्प. तू वाटीतलं दूध चमच्यानं निववत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ती बसली होती की पाळायला. म्याच उठवलं. म्हणलं, आपल्यात कुठं पाळतेत, ऊठ, वांग्याला चिरा दे. आता बोला. तिचं काय चुकलं?"

काकूनं पदर तोंडाला लावला. "काय केलंव जाऊबाई हे."

"झालं खरं," तू म्हणालीस, आणि वाटी पुढे सरकवलीस.

सगळ्यांना ते पटलं, कारण पटण्यासारखंच होतं. आपल्या घरात ग्रहण कधी पाळलं नाही. गळ्यात लिंग आहे त्याला सुतक नाही, विटाळ नाही, ग्रहणही नाही, असं आजोबा सांगायचे, आणि तू ते त्यांच्याहून मोठ्यानं सांगायचीस. मी लहान असताना ग्रहणाच्या दिवशी सगळी गल्ली दारं लावून बसायची आणि आपल्या घरातून फोडणीचा वास सुटायचा. शेजारणी बोलायच्या. ग्रहण सुटलं की तू त्यांना भजी नेऊन द्यायचीस. शिवकन्येचं माहेर झरीचं. आपल्यातलेच लोक, पण त्यांना शेजाराचं वळण, ते पाळतात. तेव्हा सून पाळायला बसली आणि सासूनं हसून उठवलं, यात कुणाला शंका यावी असं काही नव्हतं. मलाही आली नाही. मला फक्त लाज वाटली.

नंतरचे तीन महिने तू त्या लेकरावर काम केलंस. काम हाच शब्द बरोबर आहे. परिचारिकेनं सांगितलं होतं की लेकराला आडवं धरून पाजू नका, बसतं धरा, थोडं थोडं द्या, मध्ये मध्ये ढेकर काढा. चमच्यानं सांडत होतं. तू आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर चढलीस आणि एक बोंडलं शोधून काढलंस. चोचीचं ते छोटं भांडं, पूर्वी लेकरांना दूध पाजायला घरोघरी असायचं. हल्ली कुणी मागत नाही म्हणून मन्मथनं दहा वर्षांपूर्वी मागवणं बंद केलं होतं. शिवकन्या दूध काढून द्यायची, तू ते उकळून घेतलेल्या बोंडल्यात ओतायचीस, उमाला मांडीत बसती धरायचीस आणि चोच उजव्या गालाला लावून थेंब थेंब सोडायचीस. एका वेळच्या दुधाला तास लागायचा. तो संपेपर्यंत पुढची वेळ येऊन ठेपायची. पहिले पंधरा दिवस शिवकन्या दूध काढून द्यायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तू तिला एकदाही बोलावलं नाहीस. सोळाव्या दिवशी तू म्हणालीस, तुझा हात भरून आलाय, जरा धर. हात भरून आला नव्हता, हे तूच मला नंतर सांगितलंस. तुझी खोटी पुष्कळ होती. एवढं एकच कबूल केलंस.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन पाच किलो भरलं आणि रक्त दहाच्या वर गेलं की ओठाचं ऑपरेशन करू. तेव्हापासून उमाचं वजन दुकानात व्हायला लागलं. तांब्या-पितळेची भांडी आपल्याकडे किलोवर जातात, काटा ग्रॅमपर्यंत दाखवतो. परात ठेवायची, तिच्यात दुपटं, आकडा शून्यावर आणायचा आणि उमाला ठेवायचं. दर सोमवारी सकाळी, दुकानाची पूजा झाली की. तीन किलो सहाशे. तीन किलो नऊशे. चार दोनशे. मन्मथ खडूनं आतल्या दारावर आकडा लिहायचा. एकदा समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, काय भाव? तू म्हणालीस, ही मोडीतली न्हाई दादा, नवा माल हाय. शिवकन्या तेव्हा बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली, असं मन्मथनं मला सांगितलं.

मी रविवारी परभणीहून ताडकळसला यायचे. त्या तीन महिन्यांत बाजाराच्या दिवशी एकदाच आले होते. एक गिऱ्हाईक बाई ओढणीच्या आडून उमाकडे बघत होती. तिनं विचारायच्या आधीच तू सुरू केलंस. गिऱ्हान, सून पाळायला बसली, म्या उठवलं. पाठ झालं होतं तुला. दुकानात चार बाया होत्या, त्यांनीही ऐकलं. मी तुला आत नेऊन म्हणाले की ग्रहणानं असं होत नाही, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलंय, गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत ओठ जुळायचा राहतो, बहुतेक वेळा एक कारण दाखवता येत नाही, कुणाचाच दोष नसतो. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "मला सांगितलंय डॉक्टरनं. मला कळलंय."

"मग सांगतेस कशाला?"

"तू तुझं काम कर ना बाई," तू म्हणालीस आणि बाहेर गेलीस.

मी माझं काम केलं. पंचांग काढलं. उमाच्या जन्मतारखेपासून मागे मोजत गेले. तू ज्या ग्रहणाचं सांगत होतीस ते सूर्यग्रहण होतं, आणि ते झालं तेव्हा शिवकन्येला दिवसच गेले नव्हते. दीड महिन्याचा फरक होता. मी दोनदा मोजलं. मग एका डॉक्टरांशी बोलले, एका शिक्षकांशी बोलले, आणि रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहिला. ग्रहण आणि फाटलेला ओठ यांचा काही संबंध नाही, हे त्यात नीट मांडलं होतं. उदाहरण म्हणून एक परिच्छेद होता: जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातल्या भांडी-व्यापाऱ्याच्या घरी सासू असं सांगते, पण त्या ग्रहणाच्या वेळी गर्भधारणाच झालेली नव्हती. नाव दिलं नव्हतं, गाव दिलं नव्हतं. नियमाप्रमाणे ओळख झाकली होती. ताडकळसात भांड्यांची दुकानं दोन आहेत, आणि दुसऱ्याच्या घरी त्या वर्षी लेकरू झालेलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

लेखाचं कार्यालयात कौतुक झालं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पेपर सलूनमध्ये वाचला गेला, हॉटेलात वाचला गेला. लोकांनी माझी तारीख मान्य केली. पेपरात आलंय म्हणजे ग्रहण नव्हतं. मग काय होतं? डॉक्टरांचं "कुणाचाच दोष नसतो" हे वाक्यही मी छापलं होतं, ते कुणी वाचलेलं दिसलं नाही. काकूला एकदम आठवलं की झरीकडे शिवकन्येचा एक चुलता बोबडं बोलायचा. दुसऱ्या कुणाला आठवलं की तिनं पहिल्या महिन्यात तापाची गोळी घेतली होती. आठ दिवसांनी मन्मथनं जेवताना बायकोला विचारलं, "तुमच्यात आधी कुणाला होतं का असं?" तो वाईट माणूस नाही. त्याला वाटलं, माहिती असलेली बरी. माझाच भाऊ आहे.

शिवकन्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू घेऊन झरीला गेली. बोंडलं इथंच राहिलं.

उमाला ज्या दिवशी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं त्या दिवशी ती पाच किलोची असायला हवी होती. झरीला जाताना चार चारशे होती. शिवकन्येचं दूध आटत गेलं. तिला जेवण जाईना. तिच्या आईला चमच्यानं पाजायला जमेना, लेकराला ठसका लागायचा, खोकला झाला. ठरल्या दिवशी उमा चार किलो शंभर ग्रॅम भरली, आणि तारीख पुढे गेली.

तेव्हा तू मला फोन केलास. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं: खोट्यावर उभं राहिलेलं कधीतरी पडतंच. तू आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालीस, "तारीख तुझी खरी हाय बाई. पण तिचा संसार माझ्या तारखेवर उभा होता."

आणि फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तू पिशवीत बोंडलं आणि दुसऱ्या पिशवीत दुकानातला काटा घेऊन एसटीत बसलीस. सुनेच्या माहेरी सासूनं मुक्कामाला जायची रीत नाही. विहिणीकडं पाणी पिऊन निघायचं असतं. तू तिथं अठरा दिवस राहिलीस. पोचल्या पोचल्या ओसरीवर सगळ्यांना बसवलंस: व्याही, विहीणबाई, शिवकन्येचे भाऊ, शेजारचे दोघे-चौघे. मन्मथलाही बोलावून घेतलं होतंस, त्याच्याकडूनच मला हे कळलं. म्हणालीस, "पेपरात आलंय ते गिऱ्हान येगळं. ते सूर्याचं. माझी लेक सूर्याचं धरून बसली. म्या म्हणते ते त्याच्या मागून पाच म्हैन्यांनी आलेलं, चंद्राचं."

त्यांच्यातला एक शिकलेला होता. तो म्हणाला, मावशी, ते चंद्रग्रहण आपल्याकडं दिसलंच नाही, पंचांगात तसं दिलंय.

"दिसलं न्हाई म्हणूनच तर उठवलं ना तिला," तू म्हणालीस.

मी आजवर बऱ्याच पुढाऱ्यांचे खुलासे छापले, इतका घट्ट एकही नव्हता. विहीणबाई म्हणाल्या, हो, मला पण सांगितलं होतं लेकीनं तेव्हा. आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अठराव्या दिवशी तुम्ही तिघी परत आलात. सव्वादोन महिन्यांनी उमा पाच किलो ऐंशी ग्रॅम भरली. दारावरचा तो आकडा मन्मथनं अजून पुसलेला नाही.

ऑपरेशननंतर उमाला बाहेर आणलं तेव्हा शिवकन्या रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. ती म्हणाली, हे माझं लेकरू न्हाई, माझं हसायचं तेव्हा त्याचं सगळं तोंड उघडायचं. तू तिला म्हणाली नाहीस की वेडी आहेस का. म्हणालीस, मला बी आठवण यायलीय त्या तोंडाची. मी दारात उभी होते. तुझ्याबद्दल माझा राग नेमका कधी गेला असं कुणी विचारलं तर मी हीच वेळ सांगेन. पण तुझ्याशी वाद घालणं मी सोडलं नाही. सोडायला हवं होतं का, हे ठरवता येत नाही.

बारसं तू मुद्दाम लांबवलं होतंस. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की अशा मुलांना प, ब, त, क जड जातात, हवा नाकातून निसटते. म, न, य, ल त्यामानानं सोपे. घरात पल्लवी नाव ठरलं होतं. तू ते मोडलंस. "सोताचं नाव तरी सोताला घेता यावं," म्हणालीस, आणि उमा ठेवलंस. टाळूचं ऑपरेशन झाल्यावर जे जड होतं तेही तूच घटवून घेतलंस. भांड्यांच्या दुकानात प आणि ब यांना तोटा नव्हता. पातेलं, परात, पळी, पेला, बादली, बरणी, बंब. तू फडताळाकडे बोट करायचीस आणि ती म्हणायची. बरोबर आलं की ते भांडं तिनं एकदा वाजवायचं. गिऱ्हाईक कंटाळायचं. आज ती दुसरीत आहे, थोडं नाकात बोलते, आणि वर्गात सगळ्यांत जास्त तीच बोलते अशी बाईंची तक्रार आहे.

दर दिवाळीला मी विषय काढायचे. म्हणायचे, तुझ्या खोट्यानं चार घरांतल्या बाया अजून ग्रहणात हातपाय बांधून बसत असतील. तू म्हणायचीस, बसू दे, तेवढाच आराम. मी चिडायचे. एकदाच तू सरळ उत्तर दिलंस. आपण दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, तू चहा बशीत ओतला होतास. "डॉक्टर म्हणला कुणाचाच दोष न्हाई. मला पटलं. पण गावात त्यानं भागत न्हाई. लोकाला एक माणूस लागतंय बाई. म्हणलं, मी हाय की."

मी म्हणाले, हे बरोबर नाही.

"मी कुठं बरोबर म्हणलं," तू म्हणालीस. वाद तिथं थांबला आणि तिथंच राहिला.

गेल्या महिन्यात तुला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड उजवीकडे ओढलं गेलं. पाणी तोंडात टिकेना. शिवकन्येनं माळ्यावरून बोंडलं काढलं. तुला पाठीशी उशा लावून बसतं केलं आणि चोच उजव्या गालाला लावून थेंब थेंब सोडलं, मध्ये थांबून, ठसका लागला तर मान पुढे घेऊन. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. तीन आठवडे. तुझ्या तोंडून शब्द येत नव्हते. आवाज यायचा, ओठ मिटायचे, उघडायचे. एकच शब्द स्पष्ट निघायचा आणि तू तो कशालाही वापरायचीस, पाणी हवं असलं तरी, कूस बदलायची असली तरी. उमा. सोपं नाव होतं.

तुला बसवून माती दिली. आपल्यात सुतक नाही, तरी लोक बसायला येतातच. पाचव्या दिवशी पूर्णेकडची एक म्हातारी आली, बरोबर सून आणि तीन वर्षांचा नातू. नातवाच्या ओठावर उमासारखीच बारीक रेघ. म्हातारी मला म्हणाली, "तुमच्या आईनं बोंडलं दिलं. आन् मला बाजूला घेऊन म्हणल्या, गिऱ्हान तुमी अंगावर घ्या. सासूला लोक तसंबी बोलतेतच, त्यात एक जास्त." तिनं घेतलं होतं. अशा किती सासवा तू तयार केल्यास, कुणास ठाऊक. त्यांची यादी माझ्याकडे नाही आणि मी ती करणार नाही.

ती गेल्यावर काकू आणि दोन शेजारणी आत बसल्या होत्या. काकू म्हणाली, नातीचं तोंड चिरलं, म्हणून जाताना जाऊबाईचं तोंड वाकडं झालं, गिऱ्हान कुणाला सोडत न्हाई. उमा दाराशी होती. ती आत आली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात तिनं आईला विचारलं, मम्मी, माझ्यामुळं आजीचं तोंड वाकडं झालं का?

मी तिथंच कांदा चिरत होते. शिवकन्येनं हातातली कणीक खाली ठेवली, बाहेर गेली आणि काकूसमोर उभी राहिली. सात वर्षांत तिला मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं, तेव्हाही तिचा आवाज मोठा नव्हता. "काकू, आत्याबाईंनी काय चिरायला लावलं न्हाई. त्या गिऱ्हानाला मी इथं नव्हतेच. झरीला होते, आईपाशी."

काकू माझ्याकडे पाहायला लागली. मी दारात येऊन शिवकन्येकडे पाहत होते.

मग आत येऊन तिनं मला सांगितलं. दवाखान्यात तू ते बोललीस त्याच क्षणी तिला आणि तिच्या आईला कळलं होतं की हे खोटं आहे. दोघी गप्प राहिल्या. पुढे चंद्रग्रहणाचं सांगितलंस तेव्हाही. तुम्ही दोघी सासू-सुनांनी एकमेकींशी यावर सात वर्षांत एक शब्द काढला नाहीत. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस.

"तुमी विचारलंच न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुमी पंचांग बघितलं, डॉक्टरला विचारलं. माझे दिवस मला ठाऊक नसतील का?"

बातमीतल्या मुख्य माणसाशी बोलल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

हे आता लिहायला शिवकन्येनंच सांगितलं. म्हणाली, "आधी माझ्यावर होतं, ते आत्याबाईंनी घेतलं. आता ते उमावर यायलंय. आता खरं छापा. नावं घालून छापा." मी म्हणाले, मागच्या वेळी खरंच छापलं होतं. ती म्हणाली, मागच्या वेळी ते तुमचं होतं.

तेव्हा नावं घातली आहेत. ग्रहणानं काही झालं नाही. तू कुणाला काही चिरायला लावलं नाहीस. उमाचा ओठ जुळायचा राहिला होता, तो जुळवला. तुझं तोंड रक्तदाबानं वाकडं झालं, गोळ्या चुकवायचीस म्हणून. यातल्या कशाचंही देणं उमाकडे लागत नाही. माझ्या लेखाची क्षमा तुझ्याकडे मागायची होती. सात दिवाळ्यांत मी वाद घातला, ती मागितली नाही.

छापायला देण्याआधी हा मजकूर शिवकन्येला वाचायला दिला. तिनं तो दुकानात, काट्याशेजारी बसून, बोट ठेवून वाचला. वेळ लागला. मन्मथबद्दलची ओळ राहू द्या म्हणाली. रडली नाही. शेवटी एका जागी बोट ठेवून म्हणाली, हे चुकलंय. आत्याबाई वांगं म्हणल्या नव्हत्या. काकडी म्हणल्या होत्या. उभी काकडी.

मी म्हणाले, जे घडलंच नाही त्यात वांगं काय आणि काकडी काय.

"वांग्याला दोन चिरा देतेत, ताई," ती म्हणाली. "उमाला एकच होती."

दुरुस्ती: वरच्या मजकुरात 'वांग्याला चिरा दे' असं आलं आहे. तिथं 'काकडीला चीर दे' असं वाचावं.